बागेतले तेच दिवे पुन्हा पुन्हा का बंद पडतात?

नवा बल्ब लावला, महिनाभर चालला, गेला. दुसरा लावला, तो लुकलुकायला लागला. किंवा पाऊस पडून गेला की वाटेच्या टोकाचे दिवे बंद, आणि जमीन वाळली की आपोआप सुरू. १२ व्होल्टवर चालणाऱ्या बागेतल्या दिव्यांच्या तक्रारी बहुतेक याच चालीच्या असतात. दिवा एकदाच गेला तर दिव्याचा दोष म्हणून सोडून द्यावा. त्याच जागेवर दुसऱ्यांदा गेला की संशय वायरवर, जोडावर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या व्होल्टेजवर घ्यायचा, आणि मल्टिमीटर लावून बघितल्याशिवाय तिसरा बल्ब आणायचा नाही.

या लायटिंगची रचना साधी असते. भिंतीवर एक ट्रान्सफॉर्मर, तो मेन्सचे २३० व्होल्ट (काही देशांत १२०) १२ व्होल्टवर आणतो. तिथून दोन तारांची केबल जमिनीखालून निघते आणि वाटेत ठिकठिकाणी तिला जोड देऊन फिटिंग लावलेली असतात. व्होल्टेज कमी असल्यामुळे शॉकची भीती जवळपास नसते, आणि भीती नाही म्हटल्यावर काम सैल होतं. जोड उघडे राहतात, केबल चार बोटंसुद्धा खोल जात नाही, लोडचा हिशेब कुणी करत नाही. त्यात १२ व्होल्टला ढिलाई पचत नाही. घरातल्या लाइनवर कुठे २ व्होल्ट गळाले तर कळतही नाही. इथे तेवढेच २ व्होल्ट म्हणजे एकूणातला सहावा हिस्सा.

अंधार नेमका कुठे आहे?

सगळेच दिवे बंद असतील तर जमीन उकरायला घेऊ नका. एमसीबी, टायमर, फोटोसेल (अंधार पडला की दिवे लावणारा सेन्सर), मग ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटचा फ्यूज किंवा ब्रेकर, असं मेन्सकडून पुढे तपासत या. एका ठिकाणापासून पुढचे सगळे गेले असतील तर शेवटचा चालू दिवा आणि पहिला बंद दिवा यांच्या मधल्या तुकड्यात केबल तुटली आहे किंवा जोड सुटला आहे. मध्येच एकटा दिवा बंद असेल तर त्याचा बल्ब, होल्डर किंवा मुख्य केबलपासून त्याच्यापर्यंत आलेली वायर बघायची. टोकाकडे जाताना उजेड मंद होत गेला असेल तर व्होल्टेज कमी पोचतंय. आणि सगळे दिवे तासभर चालून एकदम जात असतील, मग थोड्या वेळाने परत येत असतील, तर ट्रान्सफॉर्मर तापून त्याचा थर्मल कट-आउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) उघडतोय.

एक लक्षण मात्र हमखास भलत्या दिशेला नेतं. पावसात घरातला आरसीसीबी (वीज जमिनीत गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो आणि लोक बागेतली केबल खणायला सुरुवात करतात. बागेसाठीचा ट्रान्सफॉर्मर आयसोलेटिंग प्रकारचा असतो, निदान असायला हवा. त्याच्या १२ व्होल्टच्या बाजूचा मेन्सशी थेट संबंध नसतो. त्यामुळे त्या बाजूची केबल चिखलात उघडी पडली तरी आरसीसीबीला त्याचा पत्ता लागत नाही. तो पावसात पडतोय म्हणजे पाणी मेन्सच्या बाजूला शिरलंय. बाहेरचा सॉकेट, ट्रान्सफॉर्मरची मेन्स कॉर्ड, टायमरचा डबा किंवा ट्रान्सफॉर्मरचं पोट, यांपैकी काहीतरी. इथे शॉक जिवावर बेतू शकतो, तेव्हा आधी पुरवठा बंद आणि मग जाणकार इलेक्ट्रिशियन. १२ व्होल्टवर लागलेली बेफिकीर सवय इकडे आणू नका.

दिवे लावताक्षणी एमसीबी पडत असेल, पण पुन्हा वर केल्यावर टिकत असेल, तर ती बहुधा टॉरॉइडल (कड्याच्या आकाराच्या गाभ्याच्या) ट्रान्सफॉर्मरची सुरुवातीची झेप असते. चालू होताना तो क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचतो. बी प्रकारच्या एमसीबीऐवजी अशी क्षणिक झेप सोसणारा सी प्रकारचा बसवला की हा त्रास बहुतेक वेळा थांबतो. वायरिंगला तो चालतो का, हे इलेक्ट्रिशियनने बघायचं.

बहुतेक वेळा जोडच असतो

तयार संचांमध्ये टोचून बसणारे कनेक्टर येतात. केबल सोलायची गरज नाही, वरून झाकण दाबलं की आतले दोन धातूचे दात इन्सुलेशन भेदून तांब्यात घुसतात. मिनिटाचं काम, म्हणून सगळे खूश. काही वर्षं मातीत राहिलेला असा एक कनेक्टर उघडून बघा. एक दात अजून पिवळा असेल, दुसऱ्यावर हिरवट पांढरी पूड जमलेली असेल. केबलच्या इन्सुलेशनवर सुईच्या टोकाएवढी दोन भोकं दिसतील. तिथून केबल कापून सोलत मागे गेलात तर तांब्याची तार लाल दिसायच्या ऐवजी काळी, आणि हा काळेपणा कधी कधी हातभर लांब. पाणी त्या भोकातून आत जातं आणि बारीक तारांमधल्या फटींतून केशाकर्षणाने पुढे पुढे सरकत राहतं. वरून केबल अगदी धडधाकट दिसते.

पावसानंतर बंद आणि वाळल्यावर सुरू, या खेळामागे बरेचदा असाच अर्धवट टेकलेला संपर्क असतो. माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि तेवढ्या हालचालीने दात सुटतो किंवा परत टेकतो. डीसीवर चालणाऱ्या लायटिंगमध्ये आणखी एक भर पडते. ओल्या जोडात विद्युत-अपघटन होऊन पॉझिटिव्ह बाजूचं तांबं झिजत जातं. तिथे दोन तारांपैकी एकच खाल्लेली दिसली तर आश्चर्य वाटायला नको.

वाईट जोड शोधायला सगळी केबल उपसायची गरज नाही. सगळे दिवे चालू ठेवा, मीटर एसी व्होल्टवर लावा (डीसी असेल तर डीसीवर) आणि एकेका फिटिंगच्या होल्डरपाशी रीडिंग घेत पुढे जा. समजा पहिल्यापाशी ११.९, दुसऱ्यापाशी ११.७, तिसऱ्यापाशी ११.६, चौथ्यापाशी एकदम ९.३ आणि पाचव्यापाशी ९.२ आलं. तर केबलची लांबी या भानगडीत निर्दोष आहे. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये एक जोड २ व्होल्ट खातोय. रीडिंग थोडं थोडं करत उतरलं तर लांबी आणि जाडीचा प्रश्न, पायरीसारखं एकदम पडलं तर जोडाचा. लाइन लांब असेल तर मधल्या दिव्यापासून सुरुवात करा. तिथे व्होल्टेज ठीक असेल तर पुढचा अर्धा भाग तपासायचा, नसेल तर मागचा. दर वेळी शोधायची लांबी निम्मी होते.

संशयित जोड सापडला की तो उघडा, मीटरचं एक टोक जोडाच्या अलीकडच्या तारेला आणि दुसरं त्याच तारेला जोडाच्या पलीकडे लावा. दिवे चालूच ठेवायचे. चांगल्या जोडावर मीटर शून्याच्या आसपास राहतो. अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी जोड कापून टाका. हीच तपासणी दिवे बंद करून ओहमवर केली तर जोड बऱ्याचदा साळसूद दिसतो, कारण मीटर फार थोडा करंट सोडतो आणि तेवढा गंजलेल्या जोडातूनही जातो. दोन-तीन अँपिअरचा भार आला की त्याचं खरं रूप कळतं. म्हणून लोड चालू नसताना घेतलेल्या रीडिंगवर मी कधी विश्वास ठेवत नाही.

मोजण्यासाठी केबलच्या इन्सुलेशनमध्ये मीटरची सुई टोचायचा मोह होतो. टोचू नका. पुढच्या गंजाला तुम्हीच दार उघडून देता.

दुरुस्ती करताना तांबं लखलखीत दिसेपर्यंत केबल मागे कापायची. काळी तार सँडपेपरने घासून वापरणं म्हणजे वेळ मारून नेणं. काळेपणा फार लांब गेला असेल तर तेवढा तुकडाच बदला. नवा जोड तांब्याच्या स्लीव्हने क्रिंप करून (पकडीने दाबून घट्ट करून) त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवावी. नळी तापवल्यावर दोन्ही टोकांतून गोंद किंचित बाहेर आलेला दिसला पाहिजे, तरच ती बंद झाली म्हणायची. दुसरा चांगला मार्ग म्हणजे सिलिकॉन ग्रीस किंवा जेल भरलेले, जमिनीखाली चालतील असे वायर कनेक्टर. साधी इन्सुलेशन टेप गुंडाळून मातीत गाडलेला जोड फार काळ टिकत नाही, मग टेपचे कितीही वेढे द्या. जोडाच्या दोन्ही बाजूंना हातभर केबल सैल वळण देऊन ठेवली तर पुढच्या वेळी कापायला वाव राहतो.

कमी व्होल्टेज, आणि जास्तही

तांब्याच्या १.५ चौरस मिलिमीटर तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो, २.५ चौरसचा ७.४ आणि ४ चौरसचा ४.६. करंट जाताना आणि येताना अशी दोन्ही तारांतून वाहतो, म्हणून लांबी दुप्पट धरायची. ३० मीटरवर, सगळे दिवे टोकाशी आणि करंट ५ अँपिअर असं धरलं तर १.५ चौरसच्या केबलमध्ये ३.६ व्होल्ट गळतात. टोकाला उरतात ८.४. तेच २.५ चौरसमध्ये २.२ आणि ४ चौरसमध्ये १.४ व्होल्ट. दिवे लाइनभर सारख्या अंतराने विखुरलेले असतील तर गळती साधारण निम्मी होते.

हॅलोजन दिवा अशा वेळी नुसता पिवळा पडतो. १२ ऐवजी १०.८ व्होल्ट मिळाले तर उजेड जवळपास ३० टक्के कमी. एलईडीचं वागणं वेगळं आणि जास्त फसवं. त्याच्या आतला ड्रायव्हर (करंट सांभाळणारं सर्किट) ठरलेले वॅट घेत राहायचा प्रयत्न करतो, म्हणून व्होल्टेज घटलं की करंट वाढवतो. करंट वाढला की केबलमधली गळती वाढते आणि व्होल्टेज आणखी खाली येतं. ते ड्रायव्हरच्या किमान मर्यादेखाली गेलं की दिवा बंद होतो. बंद झाल्यावर लोड हटतो, व्होल्टेज वर येतं, दिवा पुन्हा पेटतो. टोकाचा दिवा एका तालात उघडझाप करत असेल तर बल्ब बदलण्यात अर्थ नाही, हे चक्र चाललेलं असतं. बल्बच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात व्होल्टेजची खालची आणि वरची मर्यादा दिलेली असते. ती बघूनच घ्यावा.

उपाय तीन-चार आहेत. जाड केबल हा सरळ, पण खणायचा. त्याआधी पुरवठा कुठून जोडलाय ते बघा. लांबलचक ओळीला एका टोकाऐवजी मध्यावर पुरवठा दिला तर प्रत्येक बाजूची लांबी निम्मी आणि करंटही निम्मा, म्हणून गळती चौथाईवर येते. माझ्या मते खर्चाच्या मानाने एवढा गुण दुसऱ्या कशाला नाही. दूरच्या गटासाठी ट्रान्सफॉर्मरपासून वेगळी केबल टाकणं हाही चांगला मार्ग. ट्रान्सफॉर्मरला १३, १४, १५ व्होल्टचे टॅप (वेगवेगळ्या व्होल्टेजची आउटपुट टर्मिनलं) असतील तर लांब लाइन वरच्या टॅपवर घेता येते, मात्र त्या लाइनवरच्या पहिल्या दिव्याला किती मिळतात तेही मोजायचं.

आता उलट बाजू. जुन्या बागांमध्ये आज सर्रास दिसणारा बिघाड म्हणजे जास्त व्होल्टेज. हॅलोजन होते तेव्हा करंट मोठा आणि गळतीही मोठी, म्हणून कुणीतरी लाइन १४ किंवा १५ च्या टॅपवर लावलेली. मग सगळे बल्ब एलईडीचे झाले. लोड पाचवा-सहावा हिस्सा उरला, गळती जवळपास संपली, टॅप मात्र तिथेच. आता ट्रान्सफॉर्मरजवळच्या दिव्यांना पुरे १५ व्होल्ट मिळतात, आणि रात्री मेन्स थोडं चढलं की त्याहून जास्त, कारण ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या प्रमाणातच आउटपुट देतो. एसीमध्ये १५ व्होल्टचं शिखर २१ व्होल्टपर्यंत जातं, आणि बल्बमधल्या कपॅसिटरला ते शिखर सोसावं लागतं. जवळचे एलईडी लवकर मरतायत आणि दूरचे मजेत आहेत, असं दिसलं की पहिल्यांदा टॅप तपासा. हॅलोजनही यातून सुटत नाहीत. त्यांना पाच टक्के जादा व्होल्टेज दिलं तरी आयुष्य जवळपास निम्मं होतं.

ट्रान्सफॉर्मर, टायमर, फोटोसेल

बागेतल्या दिव्यांसाठी कधी कधी छोटे इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर वापरलेले असतात. हॅलोजनसाठी बनवलेल्या या ट्रान्सफॉर्मरना चालायला किमान काही वॅट लोड लागतो. एलईडी लावल्यावर तेवढा लोडच उरत नाही, मग दिवे लुकलुकतात किंवा पेटतच नाहीत. त्यांचं आउटपुट उच्च वारंवारतेचं असतं, साधा मल्टिमीटर त्यावर काहीही आकडा दाखवतो, आणि लांब केबल त्यांना मानवत नाही. दुरुस्तीच्या नादी न लागता साधा लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर किंवा त्या एलईडीला जुळणारा ड्रायव्हर लावावा.

थर्मल कट-आउट उघडत असेल तर सगळ्या दिव्यांची बेरीज करा, पण वॅटऐवजी व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) धरून. स्वस्त एलईडी बल्बचा पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्हीए) कमी असतो, ५ वॅटचा बल्ब ८ व्हीए खाऊ शकतो. एकूण बेरीज ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत असलेली बरी. बेरीज बसत असूनही तापत असेल तर भिंतीवरचं ऊन, बंद कपाट, वाळक्या पानांनी भरलेली जाळी किंवा सैल टर्मिनल स्क्रू बघा. सैल स्क्रूच्या शेजारचं इन्सुलेशन तपकिरी आणि कडक झालेलं असतं, नजरेला लगेच दिसतं. मेन्स बंद केल्याशिवाय डब्यात हात घालायचा नाही. मुंग्यांना ही ऊबदार जागा फार आवडते, हेही लक्षात असू द्या.

दिवे पेटतात, विझतात, पुन्हा पेटतात आणि सगळे एकदम, तर फोटोसेलवर बागेतल्याच एखाद्या दिव्याचा उजेड पडतोय. त्याचं तोंड फिरवा. दिवे रोज भलत्या वेळी लागत असतील तर यांत्रिक टायमर वीज गेल्यावर थांबून मागे पडला आहे.

फिटिंगमध्ये पाणी

काचेच्या आत दव दिसलं की लोक सगळीकडून सिलिकॉन मारून मोकळे होतात. त्यात खाली पाणी निघायला ठेवलेलं बारीक भोकही बुजतं आणि दिवा पाण्याची बाटली होऊन बसतो. फिटिंग तापली की आतली हवा बाहेर जाते, थंड झाली की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. कधी ती वायरच्या तारांमधूनही येते. गॅस्केट काढून बघा. चपटं, कडक किंवा एका जागी मातीचा कण अडकलेलं असेल तर बदला, आणि झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून आवळा.

जमिनीत बसवलेल्या दिव्यांच्या बाबतीत आयपी ६७ या आकड्याचा (धूळ-पाण्यापासून संरक्षणाच्या दर्जाचा) फार गैरसमज आहे. एक मीटरपर्यंत पाण्यात तात्पुरतं, ३० मिनिटं बुडवून घेतलेली ती चाचणी आहे. पाऊसभर डबक्यात राहायची हमी ती देत नाही. अशा दिव्याखाली फूटभर खडीचा थर हवा आणि खालून पाणी निचरून जायला जागा हवी. तळ्याच्या आत दिवा असेल तर बुडून राहण्यासाठी बनवलेलाच घ्या. पोहण्याच्या तलावाचे नियम त्याहून कडक असतात आणि ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून दूर ठेवावा लागतो. तिथे स्वतः हात घालू नका.

एमआर १६ किंवा जी४ या दोन पिनांच्या छोट्या बल्बच्या बारीक पिना होल्डरमध्ये गंजतात. जुना बल्ब काढून होल्डर तसाच ठेवला तर नवा बल्बही त्याच वाटेने जातो. पिना आणि होल्डरचे संपर्क साफ करा, होल्डरची पकड सैल झाली असेल तर होल्डर बदला आणि पिनांवर डायलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. हॅलोजन बल्बची काच उघड्या बोटांनी धरू नये, बोटाच्या तेलकटपणामुळे ती जागा जास्त तापते.

वर्षातून दोनदा करायचं काम

काचा ओल्या फडक्याने पुसा. क्षारांचे पांढरे डाग पातळ व्हिनेगरने निघतात. अंगावर वाढलेली झुडपं छाटा, झुकलेली फिटिंग सरळ करा. वर आलेली केबल निदान १५ सेंटिमीटर खाली दाबा. खुरपं आणि फावडं हे केबलचे सर्वांत मोठे शत्रू, आणि अर्धवट कापली गेलेली केबल लगेच मरत नाही, सहा महिन्यांनी गंजून मरते.

काम संपलं की ट्रान्सफॉर्मरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर केबल कुठून कशी जाते आणि कुठल्या दगडाशेजारी जोड पुरलाय याचा ओबडधोबड नकाशा, कुठली लाइन कुठल्या टॅपवर आहे, आणि प्रत्येक लाइनच्या पहिल्या व शेवटच्या दिव्याचं चालू लोडवरचं व्होल्टेज तारखेसकट. पुढच्या वेळी शेवटचा दिवा ११.२ ऐवजी १०.१ दाखवायला लागला, की दिवे अजून पेटत असतानाच कुठला जोड उघडायचा ते कळतं.